बोलावणाऱ्याचं नाव

बुधवार, ५ जून

पोचलो एकदाचा. बार्जवर सव्वीस तास काढले, त्यातले वीस पावसात, शेजारी मेंढ्यांचा कळप. पण पुएर्तो कानेलोच्या धक्क्यावर उतरलो आणि अंगातलं सगळं आंबलेपण गेलं. गाव केवढं, तर एक रस्ता, दोन दुकानं, पुलापाशी बेकरी, आणि टेकाडावर एक पिवळं लाकडी घर. त्याच्या पत्र्यावर उंच खांब. तेच रेडिओ स्टेशन, तीच माझी नोकरी. आजवर मी मेंढ्या कातरल्या, खेकड्यांच्या बोटीवर बोटं सोलून घेतली, सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर हिवाळा काढला, आणि कुठंच तीन महिन्यांवर टिकलो नाही. आई म्हणते, डेल्मिरोच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं त्याला खाली सोडला. इथं मात्र खुर्चीत बसायचं काम आहे. बघू भिंगरी काय म्हणते.

मालकीण नोल्फा बार्रिया. गाव त्यांना नोल्फाबाई म्हणतं, मीही तेच म्हणणार. साठीच्या आहेत, उंच, आवाज असा की बंद खिडकीतून बाहेर जावा. दारातच मला खालून वर बघितलं आणि म्हणाल्या, बेटावरचा ना तू, मग बटाटे सोलता येत असतील, बाकीचं मी शिकवते. चुलीपाशी बसवलं, माटेची, म्हणजे इथल्या कडू चहाची, वाटी हातात दिली, तळलेल्या पुऱ्या पुढं सरकवल्या. मी नऊ खाल्ल्या. त्यांनी मोजल्या.

काम सोपं. सकाळी जनरेटर लावायचा, चूल पेटवायची. अकराला बाईंचा गप्पांचा कार्यक्रम, रोज एक पाहुणा. तेव्हा मी काचेपलीकडच्या खोलीत बटणं सांभाळायची. आणि एक वाजता चिठ्ठ्या. चिठ्ठ्या माझ्याकडे. वर पार्दो नदीच्या दरीत फोन नाही की टपाल नाही. गावात उतरलेला माणूस चिठ्ठी लिहून देतो, आपण ती वाचतो, आणि दोन दिवसांच्या वाटेवरची त्याची बायको घोडं घेऊन नदीवर हजर. एक वाजता म्हणे दरीत कुत्रंही भुंकत नाही. ज्याच्या घरी रेडिओ आहे त्याचं दार त्या वेळी उघडं. कुणीही आत यावं, बाकावर बसावं, आपली चिठ्ठी ऐकावी आणि चालू पडावं. कोण, कुठला, विचारायचं नाही.

बाईंनी बोटं मोडत तीन नियम सांगितले. चिठ्ठी लिहिली तशीच वाचायची. शेवटी बोलावणाऱ्याचं नाव घ्यायचंच. दोन दिवस घोडं दामटून आलेल्यानं काय चर्चच्या घंटेला विचारायचं, मला कुणी बोलावलं म्हणून? आणि बोलावलेला माणूस येईपर्यंत चिठ्ठी रोज वाचायची. आला, की टेबलावरच्या तारेला टोचली, संपलं. बोलावणाऱ्यानं वाट बघायची, आलेल्याला चुलीपाशी घ्यायचं, अंगावर कोरडं घालायचं, हे नियमात नाही, म्हणाल्या. ते न सांगता येतं.

मी चौथीत शाळा सोडली, वाचताना अडखळतो. म्हणून ही वही दिली. रोज पानभर लिही म्हणाल्या, लिहिणारा हात वाचणाऱ्या डोळ्याला वळण लावतो.

शुक्रवार, ७ जून

बाई काल बोटीनं शेजारच्या बंदराला गेल्या, ट्रान्समीटरचा कसला तरी भाग आणायला. रविवारी परततील. तोवर मीच मालक. अकराला गाणी लावतो आणि एकला चिठ्ठ्या.

पुढचा आठवडा दरीचा. दरसाल बर्फानं वाट बुजायच्या आधी बाई दरीतल्या एकेका वस्तीचा माणूस गप्पांना बोलावतात. सगळ्यांत वरच्याला आधी, कारण त्याला परत चढायचं असतं. सोमवारी एल तोपेचे ओतिलिओबाबा, घोडी माणसाळवणारे. मंगळवारी शाळेच्या मास्तरीणबाई. मग सॉ मिलवाला, मग तराफ्यावरचे, मग पुलाजवळचं कुणी. शनिवारी गावातला कुणीतरी. पाहुण्यांसाठी मी खुर्ची पुसून ठेवली, तिचा डुगडुगता पायही ठोकला.

आज चिठ्ठ्या दोनच होत्या. एका बाईला बटाट्यांची पोती हवी होती आणि एकाचा दात काढून झाला होता. चार मिनिटांत संपल्या. हातात अजून सहा मिनिटं आणि माझा आवाज चांगला तापलेला. खरं सांगायचं तर मला माझा आवाज आवडायला लागलाय. सकाळी ड्रॉवर साफ करताना तळाच्या कागदाखाली एक चिठ्ठी मिळाली होती. तारेला टोचल्याचं भोक नाही, म्हणजे माणूस आलेला नाही. नियम म्हणजे नियम, म्हणून तीही वाचली:

‘रुदेसिंदो वेरा यास, एल तोपे. तब्येत बरी नाही. खाली ये. घोडं नसलं तर चालत ये. पलंग घातलाय.’

खालचं नाव ओलीनं खाल्लेलं. आता नावाशिवाय तर चिठ्ठी जात नाही. आणि हवेत थांबून चालत नाही. मग मी आपलं माझंच नाव घेतलं. बोलावणार, डेल्मिरो चिग्वाय.

चुकलं असेल, पण एखादा बिचारा आजारी माणूस वाट बघत असेल तर उद्या विचारायला येईलच.

शनिवार, ८ जून

कुणी आलं नाही. ती चिठ्ठी आज परत वाचली, कालच्यासारखीच.

दुकानात साखर आणायला गेलो तर सगळे एकदम गप्प. मला वाटलं, रेडिओवरचा माणूस आला म्हणून. दुकानदारीण साखर बांधताना हळूच म्हणाली की नोल्फाबाईंनी सांगितलं का ते वाचायला. मी म्हटलं, चिठ्ठ्या माझ्याकडेच असतात. तिनं कपाळाला हात लावून क्रूस काढला. बेटावरच्या माणसाला इथं कुणी धड उत्तर देत नाही.

उद्या रविवार, रेडिओ बंद. झोपतो.

सोमवार, १० जून

सविस्तर लिहितो.

ओतिलिओबाबा आले. ऐंशीचे असतील, पायात मेंढीच्या कातड्याचे बूट, खुर्चीत बसल्या बसल्या बाईंना म्हणाले की तुम्ही अजून तशाच दिसता, माझ्याच डोळ्यांचं काय झालंय कुणास ठाऊक. बाई हसल्या. मी काचेआडून हसलो. पंधरा मिनिटं घोड्यांच्या गोष्टी. मग बाईंनी विचारलं की वर नवीन काय. ते म्हणाले, नवीन म्हणजे, या पुरात कुणी मूर्ख वरच्या उतारानं नदी ओलांडून आलाय. शनिवारी एकच्या सुमारास आला आणि चुलीपुढच्या बाकावर बसला, माझ्याकडे पाठ करून. गुडघ्यांवरून पाणी गळत होतं. रीतीप्रमाणे काही विचारलं नाही. माटे दिला, तर वाटी त्याच्या हातात जाताच गार. परत घेतली तेव्हा वर बर्फाची साय. रेडिओवर तुमच्या पोरानं चिठ्ठ्या वाचल्या, शेवटची झाली, तो उठला आणि खाली वाटेला लागला. बाक अजून सुकला नाही, म्हणाले, आणि मी दोनदा चुलीत घालायला निघालो होतो त्याला. बाकाला हं, माणसाला नव्हे.

ते एकटेच हसले. बाईंनी विचारलं, कुठली चिठ्ठी.

बाबांनी सांगितली. शब्दन्‌शब्द. दरी चिठ्ठ्या पाठ करते.

बाईंनी मला हातानं खूण केली. मी गाणं लावलं.

नंतर स्वैपाकघरात बाई मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रुदेसिंदो त्यांचा मुलगा. आडनाव बापाचं, म्हणून मला कळलं नाही. नऊ वर्षांपूर्वी तो ओतिलिओबाबांकडे घोड्यांच्या कामाला होता, तीन हिवाळे घरी फिरकला नव्हता. बाईंनी चिठ्ठी लिहिली आणि स्वतःच वाचली. तब्येतीला काही झालं नव्हतं. खडखडीत होत्या. पण आजारी म्हटल्याशिवाय तो आला नसता. पाऊस आठ दिवस कोसळत होता. चार दिवस त्यांनी चिठ्ठी वाचली. पाचव्या दिवशी त्याचं घोडं एकटंच खालच्या काठाला लागलं. तो मिळाला नाही.

मी म्हटलं, चिठ्ठी तारेला टोचून टाकू. त्या म्हणाल्या, आलेला नाही, टोचायची कशी. माझं मनगट धरलं होतं. म्हणाल्या, एकला वाच.

मी वाचली. त्या दाराशी उभ्या होत्या, ओठ हलत होते.

मंगळवार, ११ जून

मास्तरीणबाई ओदिला. छडीसारख्या ताठ. आल्या आल्या मला सुनावलं की वाचताना विराम गिळतोस. मग माईकपुढे शाळेचं छप्पर, सरपण, सर्दी. बाईंनी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी मध्येच सांगितलं.

काल एकला मुलं रेडिओभोवती जेवत होती. शेवटच्या बाकावर एक माणूस येऊन बसला. मुलांनी त्याला सूप दिलं. तो प्यायला नाही. सगळ्यांत धाकटी पोर त्याच्याकडे टक लावून बघत होती, तिनं नंतर मास्तरीणबाईंना विचारलं की हे काका फक्त रेडिओ बोलतो तेव्हाच श्वास का घेतात. शेवटची चिठ्ठी झाली आणि तो गेला. मागच्या बाकाखाली नदीतली वाळू निघाली, पाटीभर. मुलांकडून झाडून घेतली.

मास्तरीणबाईंनी हे छपराबद्दल बोलल्या तशाच आवाजात सांगितलं. फक्त पेल्यातलं पाणी प्यायल्या नाहीत.

मी हिशोब केला. एल तोपे. मग शाळा. आज सॉ मिल. माणूस खाली येतोय. एक चिठ्ठी, एक वस्ती.

बाईंना म्हटलं, तुमचा मुलगा आहे, तुम्ही तुमच्या नावानं वाचा. कुणाच्याही दारात गेला तर तुमच्या जाऊ दे. त्या बटाटे सोलत होत्या. म्हणाल्या, माझ्या आवाजावर तो एकदा आला होता. पुन्हा माझ्याच्यानं नाही होणार. मग म्हणाल्या की त्याचा पलंग मात्र तिकडच्या खोलीत आहे, गादीला ऊन दाखवायला हवं.

ऊन. जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात.

एकला वाचली. शेवटी माझंच नाव घेतलं. दुसरं नाव घेणं माझ्या हातात नाही, असं वाटलं. का वाटलं?

बुधवार, १२ जून

आजचा पाहुणा सॉ मिलवाला रेमिहिओ. बडबड्या म्हणून नाव होतं त्याचं, आज सहा मिनिटं बोलला. काल एकला करवत आपोआप थांबली, पट्टा भिजलेला. रचलेल्या फळ्यांवर कुणी बसलं होतं. एवढंच. जाताना धक्क्याकडे बोट करून मला म्हणाला, बेटवाल्या, शनिवारची बार्ज पकड.

ते मला आधीच सुचलंय. पिशवी भरून ठेवली आहे.

आणि आज मी चिठ्ठी वाचली नाही. बाईंनी विचारलं, मी म्हटलं, हरवली. खिशात होती. वाचली नाही तर तो चालणार नाही. साधी गोष्ट. एकदा तो थांबला की मी बार्जवर आणि तो जिथं असेल तिथं.

सुटल्यासारखं वाटतंय. संध्याकाळी भूक लागली.

गुरुवार, १३ जून

तराफ्याच्या वस्तीवरची क्लोरिंदा आली. तराफा ओढणाऱ्या आबेलिनोची बायको, माझ्याच वयाची असेल. पोर पोंचोत गुंडाळून छातीशी. बाईंनी पोराचं नाव विचारलं, तिनं सांगितलं नाही. माईक दोन्ही हातांनी धरला आणि बाईंकडे नाही, काचेकडे बघत बोलली. माझ्याकडे.

काल एकपासून तो तिच्या घरात बसलाय. चिठ्ठ्या संपल्या, तो उठला नाही. रेडिओपाशी कान लावून बसलाय. चूल पेटत नाही. लाकडं पाणी सोडतात. पीठ, अंथरूण, सगळं ओलं. पोराचं अंग कालपासून गार आहे, केस पुसले तरी भिजतात. त्याला जा म्हणता येत नाही, चिठ्ठी ऐकायला आलेल्याला कुणी जा म्हणतं का? आबेलिनो दाराबाहेर उभा आहे, आत जायला तयार नाही.

‘वाच रे,’ ती म्हणाली. ‘आमच्यावर का ठेवलास त्याला? तू बोलावलंयस, तू घे.’

बाईंनी पोराच्या डोक्याला हात लावला आणि तो आपल्या स्कर्टला पुसला. पुन्हा पुसला.

पोराचे ओठ निळे होते. मी पाहिले.

एकला वाचली. पण डोकं लढवलं. शेवटी म्हटलं, बोलावणार, तुझी आई. बाई दाराशीच होत्या. वळून स्वैपाकघरात गेल्या.

शुक्रवार, १४ जून

पुलाजवळून कुणी आलं नाही. आबेलिनोच आला. म्हणाला, पोर बरं आहे, काल दोननंतर रडायला लागलं, दूध प्यायलं. मग टोपी हातात फिरवत बसला.

काल त्यानं त्या माणसाला तराफ्यावरून अलीकडे सोडलं. एकटा माणूस, पण तराफा बारा बैल चढल्यासारखा पाण्यात खाली गेला. मधोमध तो बोलला. पहिल्यांदाच. विचारलं, मला कुणी बोलावलं?

आबेलिनो म्हणाला, चिठ्ठीत ऐकलं ना, आईनं. तर तो म्हणाला, आई असती तर आईचा आवाज असता.

‘मग मी सांगितलं, रेडिओवरचा नवा पोरगा आहे, डेल्मिरो,’ आबेलिनो मला म्हणाला. ‘विचारलं त्यानं. खोटं कसं बोलू रे? नदीत होतो.’

दार लावताना तो म्हणाला, माफ कर, बेटवाल्या.

साडेबाराला बेकरीची माणसं दाराशी. भट्टी विझलीय. कणीक बादलीत पाण्यासारखी. तो तिथं बसलाय, पुलापाशी, इथून तीनशे पावलं. ओरडत नव्हते. नुसते उभे. बेकरीवाल्याची म्हातारी सासू म्हणाली, आमच्याकडे चार पोरं आहेत.

बाईंच्या पाया पडलो. अक्षरशः. म्हटलं, तुमच्या आवाजात एकदा वाचा. एकच ओळ. त्या म्हणाल्या, उद्या. आज नाही. उद्या तो समोर बसेल तेव्हा मी सांगेन, मीच बोलावलं म्हणून. शपथ घेतली. क्रूसावर.

एकला मी वाचली. माझ्या नावानं.

पुलाकडं कुणी बघत नव्हतं. मीही नाही.

शनिवार, १५ जून. सकाळ

बंदर बंद. वारा. बार्ज खाडीबाहेर थांबलीय, दिवे दिसतात. धक्क्यावर दोन तास उभा राहिलो. मग बंदराच्या शिपायानं हाकललं. गावाबाहेर जायला रस्ता एकच, पुलावरून. पुलावर जाणार नाही.

परत आलो. जिन्यापासून ओलं.

अकराला दहा कमी

बाईंनी निळा झगा घातलाय. केस विंचरले. टेबलावर पुऱ्या, टॉवेल, लोकरीचे मोजे. मी म्हटलं, शपथ घेतलीय तुम्ही. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. हो रे पोरा, म्हणाल्या. आईचा आहे, आईलाच सांगू दे.

त्यांचा हात कोरडा आणि गरम होता. विश्वास ठेवतो.

मी माझ्या बटणांच्या खोलीत. बाहेर पडायला दार एकच, स्टुडिओतून.

अकरा

लाल दिवा लावला. बाई म्हणाल्या, नमस्कार पार्दोच्या दरीला, आज आपल्याकडे —

खुर्ची रिकामी. पण खाली पाणी साठतंय. पाय न हलवता माणूस बसलाय तसं, दोन डबकी.

बाई खुर्चीकडे बघून हसताहेत. बोलताहेत. किती वाळलास, म्हणाल्या.

स्टुडिओत उत्तर नाही. स्पीकरवर आहे. फक्त स्पीकरवर. म्हणजे सगळी दरी —

तरुण आवाज. थकलेला. म्हणाला, ‘आई, आता बरं वाटतं का तुला?’

बाईंचं हसू तसंच राहिलं. डोळ्यांत नाही.

‘बरं आहे, बाळा,’ म्हणाल्या.

‘औषध घेतलंस?’

घेतलं, म्हणाल्या. घेतलं.

मग स्पीकरवर नुसता पाण्याचा आवाज. मी काचेवर हात आपटला. आता सांगा. आता.

‘आई, मला तू बोलावलंस?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे. मोजे उचलले, छातीशी धरले.

‘नाही,’ म्हणाल्या. ‘मी नाही, बाळा.’

खुर्ची सरकली.

काच धुक्यानं भरली. पलीकडून नाही. माझ्या बाजूनं.

बाई पलीकडे भिंतीला तोंड करून

माईकचं बटण दाबलं. सांगणार होतो, तिचीच चिठ्ठी, पहिल्यापासून तिचीच. तोंड उघडलं, शब्द नाही. पाणी. गार. वाळू दाताखाली. पुन्हा — पाणी. बोलता येत नाही म्हणून लिहितो. पान भिजतंय खालून

ज्याला ही वही मिळेल त्यानं एक वाजता वाचावी. मोठ्यानं. लिहिलंय तसंच.

रुदेसिंदो वेरा यास, जिथं असशील तिथं. ती आजारी नव्हती. तू परत जा. तुला बोलावलं ते तुझ्या आईनं, आधी आणि आत्ताही. मी फक्त वाचलं. तिचं नाव